भात होईपर्यंत चालणारं मशीन

आमच्या घरातला रॉकेलचा स्टोव्ह भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली. रेशनवरचं रॉकेल बंद झालं, गॅस आला, स्टोव्ह गेला. स्टोव्हच्या पिना मात्र गेल्या नाहीत. पत्र्याची चपटी पट्टी आणि तिच्या टोकाला केसाएवढी तार. ही वस्तू आमच्या घरात देवाच्या फोटोमागे, कॅलेंडरच्या खिळ्याला, पावडरच्या रिकाम्या डब्यात, कुठेही सापडते. कारण बाबा. बाबाच्या मते जगात जे जे तुंबतं ते सगळं स्टोव्हच्या पिनेने मोकळं होतं. नळाची जाळी, मिठाच्या डबीची भोकं, शिलाई मशीनचं तेलाचं नळकांडं, आणि एकदा तर, मी समोर बसलेली असताना, स्वतःचा कान.

कान बरा झाला. होडीच्या मशीनचा कार्बोरेटर मात्र त्या पिनेपायी वर्षानुवर्षं आजारी होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

बाबा मासेमार आहे. चिंचणीच्या बाजूला, खाडी समुद्राला मिळते तिथे आमचं घर. एक छोटी फायबरची होडी, तिच्या मागे अडकवलेलं टू-स्ट्रोक इंजिन. आउटबोर्ड वगैरे शब्द दुकानातल्या पाटीवर असतात, आमच्याकडे सगळे मशीनच म्हणतात. मी एकुलती एक. त्यामुळे पान्हा धरायला, दोरी ओढायला आणि बाबाच्या शिव्या खायला लहानपणापासून मीच. आता मी तलासरीला शाळेत शिकवते, डहाणू रोडला राहते आणि रविवारी घरी जाते. बापाला अहो-जाहो करायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून इथेही करत नाही. केली असती तर कदाचित मला त्याच्यावर इतकं ओरडता आलं नसतं, आणि मग माझं काही खरं नव्हतं.

आमच्या आळीत बायका भात कधी चढवतात ते आधी सांगायला हवं. घड्याळ बघून नाही. प्रत्येकीला आपल्या घरच्या मशीनचा आवाज ठाऊक असतो. दहा होड्या एकदम परतल्या तरी चुकत नाही. आवाज खाडीच्या तोंडाशी आला की टोप चुलीवर जातो. होडी लागते, जाळं उतरतं, मासळीच्या टोपल्या वर येतात, माणूस पाय धुऊन ओट्यावर टेकतो, तेवढ्यात भात झालेला असतो. आईने आयुष्यभर असाच भात केला. घरात गॅस आला तरी परतीच्या वेळचा भात मागच्या दारी चुलीवरच. गॅसपाशी बसलं की खाडीचा आवाज नीट येत नाही, असं तिचं म्हणणं.

गेल्या हंगामात एक दिवस आईने आवाज ऐकला आणि टोप चढवला. आवाज खाडीच्या तोंडाशी आला आणि थांबला. आई म्हणते, तिला वाटलं जाळ्याला काही अडकलं असेल. भात झाला. तिने उतरवला. मग तो गार झाला. तेव्हा ती पदर खोचून किनाऱ्यावर गेली तर ओहोटी लागलेली, आणि होडी किनाऱ्याकडे यायची सोडून बाहेर बाहेर चाललेली. नांगर टाकला होता, पण तो वाळूत धरेना. बाबा दोरी ओढ ओढ ओढत होता. शेवटी तळहाताची साल निघाली तेव्हा दोरी सोडून त्याने काय करावं? भर लाटेत कार्बोरेटर उघडला आणि खिशातली पिन काढून साफ करत बसला. दिवस कलल्यावर दुसऱ्या होडीने त्याला ओढून आणलं.

"बंद नाय पडला मशीन," घरी आल्यावर तो म्हणाला. "जरा इसावला."

आई काहीच बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. आमच्या घरात आई गप्प बसली की भांडीसुद्धा हळू वाजतात. पुढचे थोडे दिवस उरलेला हंगाम त्याने शेजारच्या होडीबरोबर काढला. मग पावसाळ्याची बंदी आली, होडी वर ओढून झाकली, मशीन पडवीत लाकडी घोड्यावर चढलं, बाबाची जुनी लुंगी अंगावर घेऊन झोपलं. नारळी पौर्णिमा जवळ येऊ लागली तसा बाबा जाळी विणायच्या निमित्ताने त्या मशीनपाशी बसू लागला. तेव्हा आईने तोंड उघडलं.

"मशीन माझ्यासमोर उभा करायचा," ती म्हणाली. "मी टोप चढवीन. भात उतरेपर्यंत चालला तर जा. मधी थांबला तर होडी पालथी घालायची. कायमची."

पालथी घातलेली होडी म्हणजे काय ते आमच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिच्यावर पोरं खेळतात, कुत्री झोपतात, आणि तिचा मालक संध्याकाळी तिला टेकून इतरांच्या होड्या मोजत बसतो. बाबाने माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, आणि नजर अशी की दप्तर घरी विसरलेलं मूल. मी म्हटलं, करते.

करते म्हणायला काय जातं!

पहिल्या रविवारी मी पत्र्याच्या पिंपात पाणी भरलं, घोड्यावरच्या मशीनचा पंखा त्यात बुडवला, कारण पाण्याशिवाय हे मशीन तापतं. प्लग काढून बघितला, दोरी ओढली, ठिणगी निळीशार. म्हणजे वीज आहे. पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाबला, तो कडक झाला. म्हणजे पेट्रोल पोचतंय. चोक ओढला, दोरी ओढली, मशीन लागलं. चोक आत ढकलला, मशीन गेलं. पुन्हा चोक, पुन्हा लागलं. पुन्हा आत, पुन्हा गेलं. ज्याने एकदा हे केलं आहे त्याला पुढचं सांगायला नको: पेट्रोल पुरत नाही, चोकने हवा कोंडली की तेवढ्यापुरतं भागतं. कार्बोरेटर तुंबलेला आहे.

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांची मिसळण करणारा मुठीएवढा डबा. त्याच्या तळाला एक वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट, आणि मधोमध पितळेचा जेट. जेटला एक भोक असतं. त्या भोकातून किती पेट्रोल वर जायचं ते कारखान्यात कोणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. बाकी सगळं अवडंबर त्या भोकासाठी.

वाटीचे स्क्रू गंजून बसलेले. ते सुटेपर्यंत माझी बोटं सोलपटली. आत बघितलं तर तळाला मधासारखा पिवळा चिकट थर आणि कडेला पांढरी बुरशीसारखी पूड. मला कळायचं ते कळलं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मशीन ठेवताना काय करायचं, हे मी बाबाला कितीदा सांगितलं असेल! मशीन चालू असतानाच पेट्रोलचा पाइप उपसायचा. वाटीत उरलंय तेवढं त्याला पिऊ द्यायचं, मग ते आपणहून थांबतं. आत काही शिल्लक राहत नाही, काही चिकटत नाही. हल्लीच्या पेट्रोलला तर हे करावंच लागतं, ते पाणी फार लवकर धरतं. एवढंसं काम. पण बाबाने ते कधीही केलं नाही. विचारलं की एकच उत्तर.

"पाइप कशाला काढू? उद्या जायचाच हाय ना."

"बाबा, उद्यापासून बंदी आहे. दोन महिने."

"मग बंदीनंतर जायचा हाय."



मी वाटी घासली, जेट काढला, स्प्रे मारला, तोंडाने फुंकला. पेट्रोलची चव जिभेवरून संध्याकाळपर्यंत जात नाही, चहासुद्धा पेट्रोलचाच लागतो. फ्लोटखाली एक सुई असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. वाटी भरली की ती पेट्रोलची वाट बंद करते. ती सुई मी रुमालावर ठेवली होती. पावसाने जरा उघडीप दिली म्हणून आईने डब्यातला साठवणीचा जवळा ऊन दाखवायला अंगणात प्लास्टिकवर पसरला होता. बाबा मदतीला आला, त्याने रुमाल उचलून झटकला.

नखाएवढ्या सुकलेल्या कोळंबीचा एक ढीग, आणि त्यात सुई. आम्ही तिघं मांडी घालून तो जवळा निवडत बसलो. आई म्हणाली, नवीन आण की दुकानातून. मी म्हटलं, आज रविवार आहे. बाबा म्हणाला, गावली! आणि मला एका कोळंबीची मिशी दाखवली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी उठून खाडीपर्यंत चालत जाऊन आले. परत आले तेव्हा आईने सूप घेऊन सगळा जवळा पाखडला होता आणि सुई सुपाच्या कोपऱ्यात पडली होती. "लोखंड ते, मागं राहणारच," ती म्हणाली. बाबा तिच्याकडे कौतुकाने बघत होता, जसं काही सुई त्याने हरवलीच नव्हती.

संध्याकाळी मशीन लागलं. चोक आत ढकलल्यावरही चालत राहिलं. धूर जास्त होता, पण मी म्हटलं, जुनं ऑइल जळत असेल. मी डहाणूला गेले.

पुढच्या रविवारी मशीन लागेचना. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. गेल्या वेळी पेट्रोल कमी पडत होतं, आता ते उतू जात होतं. प्लग पुसला, सुकवला, लागलं, भकाभका काळा धूर सोडून पुन्हा बसलं. माझ्या मनात पहिली शंका फ्लोटवर. तो काढून हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलंय का. नाही. सुई नीट बसतेय का. बसतेय. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा धुतलं, पुन्हा लावलं, गॅस्केट फाटलं म्हणून जाड कागदाचं कापून घातलं. पुन्हा काळा प्लग. मी त्या मशीनला जे जे बोलले ते शाळेतल्या कोणी ऐकलं असतं तर मला बदली मागावी लागली असती.

शेवटी मी जेट हातात घेऊन उन्हाकडे धरला. सहज, काही सुचत नव्हतं म्हणून. भोकातून उजेड दिसला. पण भोक गोल दिसेना. एका बाजूला लांबट, कडेला ओरखडे. मी बाबाकडे बघितलं. तो मशीनच्या पलीकडे बसून जाळं विणत होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून पत्र्याची चपटी पट्टी डोकावत होती.

"बाबा, या जेटमध्ये पिन घातलीस?"

"घातली ना. तू गेल्यावर जरा साफ केला."

"मी साफ केला होता!"

"तू फुकलास. फुकून काय होते? मी दरवेळी पिन मारतो. लहानपणापासून मारतो."

म्हणजे इतकी वर्षं तो ते भोक मोठं करत होता. दर हंगामाला थोडं थोडं, प्रेमाने, काळजीने. मऊ पितळ ते, पोलादी तारेपुढे काय टिकणार? तुंबलेलं असलं की मशीन उपाशी, साफ केलं की मशीनला अजीर्ण. आणि त्या दिवशी ओहोटीत, लाटेत बसून, बाबाने त्याला आणखी एकदा अजीर्ण करून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावून बसले. बाबा म्हणाला, डोका दुखतो काय, चहा ठेवायला सांगू?

सोमवारी शाळा सुटल्यावर डहाणू रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने जेट बघितला, डोळ्यापाशी नेला, पुन्हा बघितला आणि यात काय घातलंय ते गुजरातीत विचारलं.

"बेन, आमां शुं नाखेलुं छे?"

"स्टोव्हची पिन."

तो हसला नाही. माझा चेहरा बघून बहुधा हिंमत झाली नाही. नवीन मागवावा लागेल म्हणाला. मी दोन मागवायला सांगितले. का, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं, पण बाबाला मी ओळखते.

जेट आले. मी नवीन आणि जुना शेजारी शेजारी धरून बाबाला दाखवले. हे बघ, हे असं असायला हवं, आणि हे तू असं केलंस. त्याने मान डोलावली. समजलं म्हणाला. मी नवीन जेट लावला, मशीन लागलं, आवाज एकदम स्वच्छ, धूर जेमतेम. बाबा पिंपाशेजारी उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, संपलं एकदाचं. तरीही मी घरभर फिरून पिना गोळा केल्या. देवामागची, कॅलेंडरची, पावडरच्या डब्यातली, उशीच्या अभ्र्यातली. सगळ्या पर्समध्ये घालून डहाणूला नेल्या.

आठवड्याने परत आले तर प्लग काळा.

"बाबा!"

"नवीन असला म्हणून काय झाला? आत कारखान्याचा कचरा असतो."

"पिन कुठून आणलीस? मी सगळ्या नेल्या होत्या!"

त्याने मागच्या दाराकडे मान केली. आई भांडी घासत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"त्याने मागली, मी दिली," ती वर न बघता म्हणाली. "नवऱ्याने मागल्यावर नाय कशी म्हणू?"

या बाईने जन्मभर बाबाला प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं आहे. दुसऱ्या कपाला नाही, विडीला नाही, भावकीच्या लग्नात नाचायला नाही. आणि पिनेपुरती ती पतिव्रता झाली! तेव्हा मी चिडून एवढंच म्हटलं, तुम्ही दोघं मिळून मला वेड लावा. याच्यापुढे माझी अक्कल गेली नाही. जावी तशी गेली असती तर पुढचं मी जरा शांतपणे बघितलं असतं.

दुसरा जेट बसवला आणि यावेळी अख्खा कार्बोरेटरच काढून सोबत नेला. तो आठवडाभर माझ्या दप्तरात होता. शिक्षकांच्या खोलीत सगळे नाकं वर करून हुंगायचे. एकीने विचारलं, तुमच्या स्कूटरची टाकी गळते का? मी म्हटलं, नाही, माझा बाप गळतो. हायवेवरून येता-जाता स्कूटरच्या डिकीत तो डबा खुळखुळायचा आणि मला बाबाच्या लुंगीखाली झोपलेलं बिनकाळजाचं मशीन आठवायचं.

नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार. सकाळी पोचले तर बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पिंपापाशी बसलेला. होडीवरचं झाकण त्याने आधीच काढलं होतं. नारळ, हळद-कुंकू, होडीला लावायच्या पताका सगळं ओट्यावर मांडून ठेवलेलं. मी कार्बोरेटर बसवला, पाइप जोडला, फुगा दाबला. आईने मागच्या दारी चूल पेटवली. टोपात रानशेतहून आणलेला जाडा तांदूळ, त्यावर पाणी. ती आमच्याकडे पाठ करून बसली.

"लाव," ती म्हणाली.

बाबाने मला ओढू दिली नाही. स्वतः ओढली. पहिल्या वेळी नुसता खोकला, दुसऱ्या वेळी मशीन लागलं. मी चोक आत ढकलला. चाललं. पिंपातलं पाणी गदगदा उसळू लागलं, मागून पाण्याची बारीक धार नीट पडत होती, धूर निळसर आणि हलका. मी स्क्रू अर्धा फिरवून आवाज बसवला. मग हात पुसले आणि ओट्यावर बसले. आता माझ्याकडे काही काम नव्हतं.

भाताला उकळी आली. आईने झाकण तिरकं केलं. मशीन चालत होतं. बाबा एक हात मशीनच्या डोक्यावर ठेवून उभा होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मधूनच तो थोडा वेग वाढवून कमी करायचा, आवाज ऐकायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा. मला इतका आनंद झाला की आतापर्यंतच्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात मागे घेतल्या. पिनेच्यासुद्धा.

पाणी आटत आल्याचा आवाज मला चांगला माहीत आहे. आधी खदखद, मग बुडबुड, मग नुसती बारीक चुरचुर. चुरचुर सुरू झाली की लाकडं ओढायची, निखाऱ्यावर टोप ठेवायचा, जरा वेळाने उतरवायचा. मशीनच्या आवाजात ती ऐकू येत नव्हती, पण वाफ कमी झालेली दिसत होती. आईने लाकडं ओढली नाहीत.

"झाला का गं?" मी ओरडून विचारलं.

"नाय अजून."

मशीन चालत होतं. बाबाचा हात तिथेच होता. जरा वेळाने मी पुन्हा विचारलं. तिने झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं.

"कच्चा हाय."

आणि वास आला. पेट्रोलच्या धुरातूनही आला. करपलेल्या भाताचा वास कोणापासून लपत नाही, चार घरं पलीकडेही जातो. चुलीत लाकडं तशीच धडधडत होती. आई टोपासमोर गुडघ्याभोवती हात घालून बसली होती आणि तिची पाठ दगडासारखी ताठ होती. मी उठले. माझ्या तोंडात आलंच होतं, आई, करपला की, डोळे फुटले का तुझे! इतके रविवार, सोललेली बोटं, जवळ्यातली सुई, दप्तरातला वास, आणि ही बाई उघड उघड खोटं बोलते! पाऊल उचललं आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ती पिन तिने का दिली होती. मशीन बिघडलेलं तिला हवं होतं. नको जाऊ म्हणायला तिला जीभ रेटत नव्हती, म्हणून तिने तो भार मशीनवर टाकला होता. आणि मी, शहाणी, ते दुरुस्त करत सुटले होते.

मी बाबाकडे वळले. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो आईच्या पाठीकडे बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे. त्याला वास माझ्या आधी आला असणार, भुकेचं नाक आहे त्याचं.

"अजून कच्चा हाय," आई पुन्हा म्हणाली. यावेळी कोणी विचारलं नव्हतं.

बाबा वाकला. मला वाटलं तो बटण दाबून मशीन बंद करतोय. त्याने बटणाला हात लावला नाही. त्याने पेट्रोलच्या पाइपाची कडी दाबली आणि पाइप उपसला. नीट, सावकाश, टोकातलं पेट्रोल सांडू न देता पाइप टाकीवर ठेवला. मग पुन्हा हात मशीनच्या डोक्यावर.

वाटीत उरलेलं होतं तेवढ्यावर मशीन चालत राहिलं. मी इतकी वर्षं त्याला सांगत आले होते, असं कर, असं कर. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर केलं, आणि मला ओरडावंसं वाटलं, नको, घाल परत! उद्या जायचंय ना? शेवटी शेवटी पेट्रोल संपताना मशीनचा आवाज एकदम चढतो, जणू आता सुटणार. तसा चढला. मग ते थांबलं.

"उतरव गो आता," बाबा आईला म्हणाला. "झाला."

आईने फडक्याने टोप धरून खाली ठेवला. आमच्याकडे वळली नाही. बाबाने लुंगी आणली आणि मशीनवर घातली, टोकं खाली खोचली. पताका गुंडाळून पिशवीत भरल्या. मी तिथेच उभी होते. काय करावं ते सुचेना म्हणून मी पिंपातलं पाणी ओतून दिलं.

जेवायला बसलो. तळचा भात काळा झाला होता. आईने वरवरचा पांढरा भात काढून बाबाला वाढला, मधला मला, आणि खरवडलेला स्वतःच्या ताटात घेतला. सगळ्यालाच करपट वास होता. बाबाने दुसऱ्यांदा मागून घेतला.

पौर्णिमेला त्याने दुसऱ्यांच्या होड्यांना नारळ वाढवून दिले. आमची होडी पालथी आहे. मशीन पडवीत घोड्यावर आहे, कार्बोरेटर आतून कोरडा आणि स्वच्छ, जेटचं भोक गोल. कोणीही दोरी ओढली तर लगेच लागेल. मला त्याचाच राग येतो.